चेंडू, ठोकळा आणि कांच



लहान मुलांना आकार शिकविणारीं ‘ॲप्स’ आज शेंकड्यांनीं मिळतात. त्यांतून कोणतें निवडावें, असा प्रश्न सुशिक्षित घरांतून वारंवार विचारला जातो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं मला आपणांस जवळजवळ दोनशें वर्षें मागें न्यावयाचें आहे. मुलाच्या हातीं आकार द्यावा ही कल्पना मूळची दुकानदाराची नव्हे. तिच्यापायीं एका माणसानें आपलें आयुष्य वेंचलें आणि अखेरीस सरकारची अवकृपाही सोसली.

फ्रीड्रिख फ्रोबेल याचा जन्म १७८२ सालीं जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत झाला. वर्ष पुरें होण्याच्या आंतच आई वारली. मोठेपणीं, १८१४ पासून सुमारें दोन वर्षें, तो बर्लिन येथील खनिजसंग्रहालयांत साहाय्यक होता. तेथें स्फटिक हाताळतांना, दगडाच्या घडणींत जो नियम दिसतो तोच मनुष्याच्या वाढींतही असला पाहिजे, असें त्याच्या मनानें घेतलें. हा विचार आपणांस थोडा गूढ वाटेल, मलाही वाटतो. पण त्यांतून जें निघालें तें मात्र हातांत धरतां येण्यासारखें होतें. १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें त्यानें लहान मुलांसाठीं संस्था काढली आणि १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें.

तेथील खेळण्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी लोंकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरींत लाकडी गोल, लाकडी घन आणि त्या दोहोंमधील दुवा म्हणून दंडगोल. चेंडू कसाही धरा, सारखाच. ठोकळ्याला मात्र बाजू, कडा, कोपरे. आणि तोच ठोकळा दोऱ्यानें टांगून गरगर फिरविला, कीं डोळ्यांना दंडगोल दिसूं लागतो! तिसरी देणगी आठ लहान ठोकळ्यांनीं बनलेल्या घनाची. मूल तो मोडतें, त्याची खुर्ची करतें, जिना करतें, नक्षी मांडतें आणि पुन्हां जुळवून पेटींत ठेवतें. अर्धा, पाव हे शब्द कानीं येण्याआधीं त्यांचा अर्थ बोटांना कळलेला असतो.

१८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप नास्तिकपणाचा व समाजवादाचा! कार्ल नांवाच्या पुतण्याचें लिखाण सरकारनें काकाच्या माथीं मारलें. फ्रोबेलनें खुलासे केले. उपयोग झाला नाहीं. १८५२ च्या जूनमध्यें तो वारला, आणि बंदी उठली ती १८६० सालीं. श्वाइना येथें त्याच्या थडग्यावर घन, दंडगोल आणि गोल एकावर एक रचलेले आहेत.

माझ्या मतें बंदीपेक्षां मोठा घात अनुयायांनीं केला. देणग्या युरोप-अमेरिकेंत पसरल्या, अमेरिकेंत मिल्टन ब्रॅडली त्या विकूं लागला. आणि पुष्कळ शाळांतून ‘ठोकळा उचला, उजवीकडे ठेवा’ अशी कवाईत सुरू झाली. वस्तु तीच राहिली, खेळ गेला.

१९०७ च्या ६ जानेवारीस रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत मारिया माँटेसोरीबाईंनीं आपलें बालगृह उघडलें. इटार व सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या साधनांवरून त्यांनीं लाकडी आकारांच्या पेट्या केल्या. मूल दोन बोटांनीं आकाराची कड चांचपतें, मग तो खांचेंत बसवितें. चुकीचा आकार बसतच नाहीं. ‘चुकलें’ असें बाईंना म्हणावें लागत नाहीं, लाकूडच तें सांगतें. पुढें तोच आकार रंगीत कागदावर, मग जाड रेघेंत, शेवटीं बारीक रेघेंत ओळखावयाचा. वस्तूपासून रेघेपर्यंतचा हा रस्ता आहे. पडद्यावरील चित्र मुलाला एकदम रस्त्याच्या शेवटीं नेऊन उभें करतें, हें ध्यानांत घ्यावें.

आपल्याकडे १९२० सालीं गिजुभाई बधेका यांनीं भावनगरास बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३९ सालीं माँटेसोरीबाई स्वतः मद्रासेस आल्या आणि महायुद्धामुळें येथेंच राहिल्या. पण साधनें महाग. १९४५ सालीं ताराबाई बोर्डीस गेल्या तेव्हां त्यांनीं परिसरांत फुकट मिळणाऱ्या वस्तूंनाच साधनें केलें.

आतां ॲपकडे वळूं. कांचेवर चौरस आणि वर्तुळ बोटाला सारखेच गुळगुळीत लागतात. शिवाय पुष्कळ ॲप्स अशीं असतात कीं आकार खांचेजवळ नेला कीं तो आपोआप ओढला जातो. माँटेसोरीबाईंचें सोंग, पण चूक दाखविणारें लाकूड नाहीं. त्रिकोण तर नेहमीं समभुज आणि पायावर उभा! १९५७ सालीं व्हॅन हीले या डच दांपत्यानें दाखविलें कीं मूल प्रथम आकार ओळखतें तें एकूण रूपावरून, गुणधर्मांवरून नव्हे. असें मूल उलटा किंवा सुरीसारखा निमुळता त्रिकोण पाहून, हा त्रिकोणच नव्हे, म्हणतें. आपण निवडीत असलेल्या ॲपमध्यें असे वेडेवांकडे त्रिकोण आहेत काय, चौरस कोपऱ्यावर उभा केलेला दिसतो काय, हें अगोदर पाहावें.

कांचेला स्वतःचा एक गुणही आहे, तो नाकारूं नये. त्रिकोणाचा कोपरा बोटानें ओढला, तो लांबला, झुकला, तरी त्रिकोणच राहिला, हें लाकूड दाखवूं शकत नाहीं. सीमोर पॅपर्ट व त्याचे सहकारी यांनीं १९६७ सालीं रचलेल्या ‘लोगो’ भाषेंत पुढें मूल कांसवाला हुकूम देऊन स्वतः चौरस काढी. हुकूम यंत्राचा मुलाला नव्हे, मुलाचा यंत्राला. असें कांहीं ज्यांत आहे तें ॲप ठेवण्यासारखें. ज्यांत जाहिराती मधूनच उड्या मारतात तें ताबडतोब काढावें. वेळेविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे: दोन वर्षांखालीं पडदा नकोच, पुढें चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, आणि कमी तितकें बरें.

मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं आपण स्वतः तें ॲप घेऊन बसावें आणि मुद्दाम चुकावें. चौरस वर्तुळाच्या खांचेवर ठेवावा. आंतून ‘वाहवा’ आली, किंवा चौरस न विचारतां आपल्या जागीं निघून गेला, तर तें बंद करावें आणि स्वयंपाकघरांतून एक लिंबू, एक काडेपेटी आणि एक दंडगोल डबा आणून मुलापुढें ठेवावा.