परदेशी शिष्यवृत्ती, माजी विद्यार्थ्यांचे जाळे आणि इंदूर

मुलाला किंवा मुलीला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली की घरी पेढे येतात, मंडळात नारळ आणि शाल देऊन सत्कार होतो, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. शिष्यवृत्ती संपवून ती व्यक्ती परत आली, की मात्र तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. खरे तर शिष्यवृत्तीचा मोठा भाग तेव्हाच सुरू होतो. परदेशात भेटलेले गुरू, एकाच खोलीत राहिलेले सोबती, प्रयोगशाळेत शेजारी बसणारे लोक यांच्याशी नाते टिकले, तर पुढची तीस-चाळीस वर्षे त्याचा उपयोग होतो. तुटले, तर हाती फक्त पदवीचा कागद राहतो. अशा माजी शिष्यवृत्तीधारकांच्या आपापसांतील संबंधांना आज ‘अ‍ॅल्युम्नाय नेटवर्क’ म्हणतात. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे, आणि तिची काही ठळक उदाहरणे इंदूर आणि आसपासचीच आहेत.

पहिले उदाहरण महूचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ साली ते बडोद्याला रुजूही झाले. पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना अपमानित करून बाहेर काढले गेले आणि अखेर बडोदे सोडावे लागले. म्हणजे शिष्यवृत्तीमागची सरकारी योजना इथेच कोलमडली. उपयोगी पडली ती माणसे. कोलंबियात त्यांच्याबरोबर राहिलेले नवल भथेना हे पारशी मित्र आयुष्यभर त्यांच्या पाठीशी राहिले. लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली आंबेडकर पुन्हा निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोडीला भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. कोलंबियातले त्यांचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनमधल्या विद्वानांना त्यांच्याविषयी पत्रे लिहिली, आणि १९२५ साली निघालेल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या त्यांच्या ग्रंथाला प्रस्तावनाही दिली. त्याच कोलंबियाने १९५२ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि चाळीस वर्षांचे नाते, असा हा हिशेब आहे.

दुसरे उदाहरण थेट इंदूरचे. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचा जन्म इंदूरचा. त्यांची बहीण म्हणजे लेखिका दुर्गा भागवत. त्यांचाही जन्म इंदुरातच, १९१० साली. दुर्गाबाई इंदूरच्या हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. कमलाबाईंचे नाव मात्र अजून घ्यावे तितके घेतले जात नाही. त्यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेले. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने झाल्यावर १९३३ साली कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज करणे अगदी स्वाभाविक होते. घरातल्या दोघांना जिथे सहज जागा मिळाली, तिथे तिला मुलगी म्हणून नकार आला. संचालक सर सी. व्ही. रामन होते. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी पहिले वर्ष उमेदवारीचे, काम पाहून मग कायम, अशा अटीवर त्यांना घेतले. दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले, १९३६ साली एम.एस्सी. विशेष प्राविण्याने मिळवली, आणि त्यानंतर त्या संस्थेचे दार मुलींना उघडले.

पुढे १९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. जीवरसायनशास्त्राचा तो विभाग सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांचा होता. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ साली त्यांना नोबेल मिळाले होते. कमलाबाई पोहोचल्या तेव्हा प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती, म्हणून डेरिक रिक्टर या शास्त्रज्ञाने दिवसा आपले टेबल त्यांना वापरायला दिले. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करताना बटाट्यात ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनाशी संबंधित प्रथिन त्यांना आढळले. सुमारे चौदा महिन्यांच्या कामावर लिहिलेल्या अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधाला १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री असे त्यांना म्हटले जाते. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ सालीच मिळाली होती. आशियातल्या स्त्रियांसाठी १९१७ साली सुरू झालेल्या बार्बर शिष्यवृत्तीवर त्या तिथे गेल्या होत्या.)

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की केंब्रिजमध्ये असताना कमलाबाईंना अमेरिकेतल्या पदवीधर स्त्रियांच्या संघटनेची प्रवास-शिष्यवृत्ती मिळाली, आणि युरोपातल्या मोठ्या शास्त्रज्ञांना भेटता आले. ही संघटना सरकारी नव्हती, कुणा धनिकाचीही नव्हती. विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी आपल्यामागून येणाऱ्यांसाठी वर्गणी काढून चालवलेली ती सोय होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतल्या अशाच पदवीधर स्त्रियांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय महासंघ काढला होता. देशोदेशीच्या शिकलेल्या बायका एकमेकींना ओळखू लागल्या तर पुन्हा युद्ध होणार नाही, ही त्यांची आशा फोल ठरली. पण इंदुरात जन्मलेल्या एका मुलीचा प्रवास त्यातून झाला. माजी विद्यार्थ्यांच्या जाळ्याचा याहून सरळ अर्थ मला तरी दुसरा दिसत नाही.

१९३९ साली कमलाबाई परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभाग, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक, आणि लग्नानंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापन. केंब्रिजच्या प्रबंधातला बारीक सायटोक्रोम पुढे कुठे गेला, असे कोणी विचारील. गेली ती पद्धत. तीच नजर त्यांनी डाळींतल्या प्रथिनांवर, तांदळाच्या पिठावर आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून नीरेवर लावली. ताडाच्या या ताज्या रसाने कुपोषित आदिवासी मुलांची आणि गरोदर स्त्रियांची प्रकृती सुधारते, हे त्यांच्या गटाने दाखवून दिले आणि त्या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतरही मुंबईच्या नऊ स्त्रियांनी १९६६ साली काढलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत भेसळ आणि सदोष मालाविरुद्ध काम करत राहिल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

आता उलट दिशेचे उदाहरण, म्हणजे बाहेरची विद्या इंदूरला येऊन इथून जगभर गेल्याचे. १९२४ साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. होळकर दरबाराने सुमारे तीनशे एकर जमीन पट्ट्याने दिली, पैसा मुख्यत्वे मध्यवर्ती कापूस समितीचा आणि संस्थानांचा. संचालक अल्बर्ट हॉवर्ड, केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजच्याच आणि कामात बरोबरीच्या. अभ्यास कापसाचा करायचा होता, पण गाजले ते खत. पऱ्हाटी, पालापाचोळा, तण, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ओलावा राखून, ठरल्या दिवशी ढीग उलथून तीनेक महिन्यांत कसदार खत करायचे, ही ‘इंदूर पद्धत’. चीन, जपान आणि कोरिया फिरून आलेले अमेरिकन प्राध्यापक किंग यांच्या पुस्तकातून तिकडच्या शेतकऱ्यांच्या खताची माहिती हॉवर्डना मिळाली होती. भारतीय शेतकरी काय करतो, हेही ते बारकाईने पाहत असत.

१९३१ साली या पद्धतीवरचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतले रसायनतज्ज्ञ. ढिगातले तापमान, ओलावा, नत्र यांचे मोजमाप म्हणजे या पद्धतीचा शास्त्रीय कणा, आणि ते काम रसायनाचे. हॉवर्ड त्याच साली इंग्लंडला परतले. पण संस्थेतले काम थांबले नाही. शहरातला मैला आणि कचरा यांची या पद्धतीने विल्हेवाट लावण्यावर जॅक्सन आणि वाड यांचा लेख १९३४ साली वैद्यकीय नियतकालिकात आला. इंदूर शहर, रेसिडेन्सी आणि माळवा भिल्ल पलटणीच्या वस्तीत त्याचे प्रयोग झाले होते. स्वच्छतेत आज पहिला नंबर मिरवणाऱ्या शहराने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही ही संस्था पाहिली, आणि ‘हरिजन’मधून या खताची माहिती दिली.

इंग्लंडहून हॉवर्डनी १९३३ आणि १९३५ साली रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये व्याख्याने दिली, त्यांच्या छापील प्रती वाटल्या आणि पत्रे लिहिली. केनियातले कॉफीचे मळे, दुआर्समधले चहाचे मळे, ऱ्होडेशियातली शेते, कोस्टा रिकातले कॉफीवाले यांनी ‘इंदूर’ हे नाव उचलले. सेंद्रिय शेतीची चळवळ पुढे ज्या पायावर उभी राहिली, त्यात हा एक मोठा दगड आहे. पण हे सारे जाळे एका माणसाच्या पत्रव्यवहारावर उभे होते. पत्ते हॉवर्डकडे होते, व्याख्यानाचे निमंत्रण हॉवर्डना येई. परिणाम असा की जगभर ‘हॉवर्डची इंदूर पद्धत’ झाली, आणि वाडांचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच राहिले. यात कोणाचा डाव होता असे नाही. ज्याच्याकडे ओळखी, त्याचे नाव टिकते, एवढेच. ज्या आवारात हे घडले तिथे आज इंदूरचे कृषी महाविद्यालय आहे.

ओळखी एकाच माणसाच्या खिशात राहू नयेत, यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर ठरवून व्यवस्था केल्या गेल्या. अमेरिकन सिनेटर फुलब्राइट, जे स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले, यांनी युद्धानंतर उरलेले सरकारी सामान विकून येणारा पैसा विद्यार्थी-विनिमयाला लावणारा कायदा १९४६ साली करवून घेतला. भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. २००८ पासून भारत सरकारही खर्चात वाटा उचलते आणि नाव ‘फुलब्राइट-नेहरू’ झाले. जर्मनीची हुम्बोल्ट प्रतिष्ठान १९५३ साली नव्याने उभी राहिली. हायझेनबर्ग हे तिचे अध्यक्ष होते. तिची खासियत ही, की एकदा हुम्बोल्टचा झालेला माणूस कायमचा हुम्बोल्टचा. माजी फेलोला पुन्हा जर्मनीत काही महिने काम करता येते. राष्ट्रकुल शिष्यवृत्त्यांची योजना १९५९ ची.

विकसनशील देशांच्या दृष्टीने सर्वांत सुज्ञ योजना मात्र अब्दुस सलाम यांची वाटते. लाहोरला परतल्यावर भौतिकशास्त्रातल्या एकटेपणाला कंटाळून त्यांना पुन्हा इंग्लंडला जावे लागले होते. म्हणून १९६४ साली इटलीतल्या ट्रिएस्टला त्यांनी केंद्र काढले आणि ‘असोसिएट’ची सोय केली: नोकरी आपल्याच देशात ठेवायची, आणि काही वर्षांच्या मुदतीत अनेकदा ट्रिएस्टला येऊन काम करायचे. याच धर्तीची सोय आपल्याकडे पुण्याच्या ‘आयुका’त आहे. टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेले आणि १९७२ साली परत आलेले डॉ. जयंत नारळीकर १९८८ पासून तिचे संस्थापक संचालक होते. विद्यापीठांतले आणि कॉलेजांतले प्राध्यापक ठरावीक वर्षांसाठी तिचे सहयोगी होतात, सुट्टीत येऊन ग्रंथालय वापरतात आणि संशोधन करतात. परदेशी न गेलेल्या लहान गावच्या प्राध्यापकालाही त्यामुळे मोठ्या वर्तुळात प्रवेश मिळतो. माजी शिष्यवृत्तीधारकांच्या बहुतेक संघटनांचा दोष नेमका इथे आहे: मेळावे दिल्ली-मुंबईला, भाषा इंग्रजी, आणि परदेशीपुऱ्यातल्या शाळेतल्या विज्ञानशिक्षकाला तिथे कोणी बोलावत नाही.

भारत स्वतःही असे जाळे विणतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘आयटेक’ योजनेखाली १९६४ पासून आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले अधिकारी आणि तंत्रज्ञ इथे प्रशिक्षणाला येतात. आज ही योजना १६० हून अधिक देशांत पोहोचली आहे.

अर्ज करणाऱ्या घरांसाठी एक व्यावहारिक बाब. फुलब्राइटवर गेलेल्याला शिष्यवृत्ती संपल्यावर एकूण दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय अमेरिकेत एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड घेता येत नाही. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीतही परत येण्याची हमी द्यावी लागते. लग्नाच्या बोलाचालीत ही अट पुष्कळदा उशिरा कळते, म्हणून आधीच विचारून घ्यावी. निवडीच्या वेळी दोन-तीन शिफारसपत्रे लागतात, आणि परत आल्यावर इथे काय करणार हे लिहून द्यावे लागते. त्याच शिष्यवृत्तीवर आधी जाऊन आलेल्या माणसाकडून हा मजकूर पाहून घेतला तर अर्ज सुधारतो. असे लोक कोण, ते त्या त्या शिष्यवृत्तीच्या भारतातल्या कार्यालयाकडून कळू शकते.