बिझी असणं आणि काम होणं : पार्किन्सनचा तक्ता पुन्हा वाचताना

पार्किन्सनचा नियम तुम्ही ऐकलेला असतो. हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम पसरत जातं, असा त्याचा मथितार्थ. टाइम मॅनेजमेंटचे व्हिडिओ त्यातून 'डेडलाइन जवळची ठेवा' एवढाच सल्ला काढतात. मूळ लेखाचा विषय मात्र वेगळाच होता : कचेरीतली माणसं का वाढतात? संशोधनाला उतरण्याआधी तुम्ही तो वाचावा असं मला वाटतं, ते त्यातल्या आकड्यांसाठी.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन हा नौदलाचा इतिहासकार. सिंगापूरला युनिव्हर्सिटी ऑफ मलायात प्राध्यापक असताना, १९ नोव्हेंबर १९५५ रोजी 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये त्याचा हा लेख आला. त्याने ब्रिटिश नौदलाचा कारभार बघणारी ॲडमिरल्टी घेतली आणि १९१४ व १९२८ या दोन वर्षांची तुलना केली. मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या. नौदलातले अधिकारी आणि खलाशी १,४६,००० वरून १,००,००० झाले. आणि ॲडमिरल्टीतले कचेरीचे अधिकारी? २,००० वरून ३,५६९.

जहाजं दोन तृतीयांश कमी, साहेब पाऊणपटीहून जास्त. वाचून हसू येतं, आणि पटतंसुद्धा. पण जरा थांबा. इथे 'काम' कशाने मोजलंय? मोठ्या युद्धनौकांनी. त्या घटण्यामागे १९२२ चा वॉशिंग्टन नौदल करारही होता. ब्रिटन, अमेरिका, जपान, फ्रान्स आणि इटलीने मिळून अशा जहाजांवर मर्यादा घातली होती. शिवाय याच चौदा वर्षांत पाणबुड्या, विमानं, बिनतारी संदेश यांचं महत्त्व वाढलं. ते काम टेबलावर येतच होतं, पण भागाकारातल्या छेदात ते धरलेलंच नाही. छेद बदला, निष्कर्ष बदलतो.

दुसरं उदाहरण वसाहत खात्याचं : १९३५ ला ३७२ अधिकारी, १९५४ ला १,६६१. साम्राज्य आटतंय आणि खातं फुगतंय! हे उदाहरण पुढे सांगताना कुणी भारताच्या स्वातंत्र्याचा दाखला जोडत असेल तर सावध राहा. भारत या खात्याकडे कधी नव्हताच, त्यासाठी वेगळं इंडिया ऑफिस होतं. उलट १९४० च्या वसाहत विकास कायद्याने या खात्याच्या गळ्यात नवी कामं पडली होती.

मग लेख टाकाऊ आहे का? अजिबात नाही. दरवर्षीची वाढ ५.१७ ते ६.५६ टक्के असते, असं पार्किन्सन गंभीर चेहऱ्याने सांगतो, तेव्हा ते दोन दशांश स्थळं हा विनोद असतो. (आपल्याकडच्या प्रबंधांत ती विनोद म्हणून येत नाहीत.) खरा ऐवज आहे तो आकडे नसलेल्या भागात. एक दमलेला साहेब. जोडीला बरोबरीचा माणूस घेतला तर तो बढतीत आडवा येईल, म्हणून तो हाताखाली दोन माणसं मागतो. पुढे त्या दोघांनाही दोन-दोन मदतनीस मिळतात. एकाचं काम आता सात जण करतात. एका पत्राचा मसुदा सहाही टेबलांवरून खाडाखोड होत वर येतो आणि साहेब शेवटी तेच उत्तर लिहितो, जे त्याने एकट्याने लिहिलं असतं. संध्याकाळी उशिरा घरी जाताना तो पूर्वीपेक्षा जास्त दमलेला असतो. इथे कामचुकार कुणीच नाही, हे लक्षात घ्या. सगळे खरोखरच बिझी आहेत.

हा दावा तपासायचा तर माणसं मोजून भागणार नाही. एका पत्राला किती हात लागले, किती दिवस लागले आणि पहिल्या मसुद्यातलं शेवटी काय बदललं, हे बघावं लागेल. त्यासाठी कचेरीच्या फाइली उघडायला हव्यात. दोन्ही खात्यांचे कागद लंडनच्या क्यू भागात, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत : ॲडमिरल्टीचे 'एडीएम' आणि वसाहत खात्याचे 'सीओ' या अक्षरांखाली.