कॉम्बो बॉक्स (मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस)

कॉम्बो बॉक्स हा डेटाबेसच्या फॉर्मवर माहिती भरण्यासाठी वापरला जाणारा घटक आहे. मजकूर टाइप करण्याचा रकाना आणि खाली उघडणारी यादी (ड्रॉप-डाउन) यांचा त्यात संयोग असतो. वापरकर्ता यादीतील पर्याय निवडू शकतो किंवा थेट टाइप करू शकतो. यामुळे एकाच गोष्टीच्या अनेक लेखनपद्धती टळतात. मात्र यादीत नसलेली नोंद आल्यास काय करावे, हे फॉर्म तयार करणाऱ्याला आधीच ठरवावे लागते. या लेखात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या १९९२ साली प्रथम प्रकाशित झालेल्या डेटाबेस प्रणालीतील कॉम्बो बॉक्सचे वर्णन आहे.

## रचना

यादी कोठून घ्यायची हे ‘रो सोर्स’ या गुणधर्माने ठरते. यादी एखाद्या सारणीतून किंवा क्वेरीतून येऊ शकते, अथवा पर्याय तेथेच लिहून ठेवता येतात. निवडलेले मूल्य कोणत्या रकान्यात साठवायचे हे ‘कंट्रोल सोर्स’ सांगतो. यादीत एकाहून अधिक स्तंभ असू शकतात. त्यांपैकी कोणत्या स्तंभाचे मूल्य साठवायचे हे ‘बाउंड कॉलम’ ठरवतो.

सामान्यतः पहिल्या स्तंभात क्रमांकरूपी ओळख-किल्ली ठेवतात व त्या स्तंभाची रुंदी शून्य करून तो लपवतात. वापरकर्त्याला नाव दिसते, परंतु साठवली जाते ती किल्ली. उदाहरणार्थ, मुंबई शहराचे इंग्रजीतील अधिकृत नाव १९९५ मध्ये ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ झाले. प्रत्येक ग्राहकाच्या नोंदीत शहराचे नाव लिहिलेले असेल, तर अशा वेळी सर्व नोंदी बदलाव्या लागतात. किल्ली साठवलेली असेल, तर शहरांच्या सारणीतील एक ओळ बदलणे पुरते.

## यादीबाहेरील नोंद

‘लिमिट टू लिस्ट’ हा गुणधर्म ‘होय’ असल्यास यादीत नसलेला मजकूर स्वीकारला जात नाही. साठवायचा स्तंभ लपवलेला असेल, तर हा गुणधर्म ‘होय’ ठेवणे बंधनकारक असते, कारण टाइप केलेल्या नावासाठी साठवण्याजोगी किल्लीच उपलब्ध नसते.

असा मजकूर भरून वापरकर्ता पुढे जाऊ लागला की ‘नॉट इन लिस्ट’ ही घटना घडते. तिच्यासाठी लिहिलेल्या कोडला टाइप केलेला मजकूर ‘न्यू डेटा’ या चलातून मिळतो, आणि कोडने आपला निर्णय ‘रिस्पॉन्स’ या चलातून कळवायचा असतो. त्याची तीन मूल्ये आहेत :

* १ : ॲक्सेसचा नेहमीचा त्रुटिसंदेश दाखवणे. काहीही न ठरवल्यास हेच घडते.
* ० : तो संदेश न दाखवणे. कोडने स्वतःचा संदेश दिला असल्यास हे मूल्य वापरतात.
* २ : नवी नोंद सारणीत जोडली आहे असे कळवणे. यानंतर ॲक्सेस यादी पुन्हा वाचते आणि मजकूर पुन्हा ताडून पाहते.

नवी नोंद जोडण्यापूर्वी वापरकर्त्याची संमती विचारणे इष्ट असते. तसे न केल्यास टाइप करण्यातील प्रत्येक चूक यादीत कायमची जाऊन बसते, आणि यादी ठेवण्याचा मूळ हेतूच विफल होतो. रकाना रिकामा केल्यास मात्र ही घटना घडत नाही. रिकामे मूल्य नको असल्यास सारणीतच तो रकाना आवश्यक ठरवावा लागतो.

नवी नोंद जोडताना टाइप केलेला मजकूर एसक्यूएल वाक्यात जसाच्या तसा जोडणे धोक्याचे असते. गोव्यात आढळणाऱ्या ‘डिसोझा’ या आडनावाच्या रोमन लेखनात बहुधा अपॉस्ट्रॉफी येते. एकेरी अवतरणचिन्हांत बांधलेले एसक्यूएल वाक्य त्या चिन्हापाशीच तुटते. याच पळवाटेतून विघातक आज्ञाही घुसवता येतात. पॅरामीटर असलेली क्वेरी वापरल्यास ही अडचण येत नाही.

## परस्परावलंबी याद्या

जिल्हा निवडल्यावर केवळ त्या जिल्ह्यातील तालुके दाखवायचे असल्यास दुसऱ्या यादीची क्वेरी पहिल्या रकान्यावर अवलंबून ठेवतात. पहिल्या रकान्याच्या ‘आफ्टर अपडेट’ घटनेत दुसरी यादी पुन्हा वाचली जाते. त्याच वेळी आधी निवडलेला तालुका पुसणेही आवश्यक असते. अन्यथा नव्या जिल्ह्याशी जुना तालुका जोडलेला राहतो.

## ज्ञात अडचणी

* जुन्या नोंदी रिकाम्या दिसणे : वापरात नसलेले पर्याय यादीतून गाळल्यास, ते पर्याय असलेल्या जुन्या नोंदींत रकाना रिकामा दिसतो. किल्ली साठवलेली असते, परंतु तिचे नाव यादीत सापडत नाही. अनेक ओळी एकत्र दाखवणाऱ्या फॉर्मवर परस्परावलंबी यादी ठेवल्यासही हेच घडते. रिकामा समजून रकाना पुन्हा भरल्यास मूळ माहिती नष्ट होते.
* समान दिसणारा मजकूर : ‘सोलापूर’ व ‘सोलापुर’ ही लेखने संगणकाच्या दृष्टीने भिन्न आहेत. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. दिसायला सारखी असूनही अशी नोंद यादीबाहेरची ठरू शकते.

## पडताळणीची मर्यादा

कॉम्बो बॉक्सचे बंधन फक्त त्या फॉर्मपुरते असते. सारणी थेट उघडून, अन्य फॉर्मवरून किंवा बाहेरील फाइलमधून माहिती आणल्यास ते लागू होत नाही. वेबपृष्ठावरील यादीबाबतही हेच खरे आहे, कारण सर्व्हरकडे यादीबाहेरचे मूल्य पाठवणे शक्य असते. म्हणून ग्राह्य मूल्यांची खात्री सारण्यांमधील संबंध व संदर्भ-अखंडतेच्या नियमांनी डेटाबेसमध्येच करावी लागते. कॉम्बो बॉक्स चूक होण्याची शक्यता कमी करतो. चुकीची नोंद अखेर रोखतात ते डेटाबेसचे नियम.