शिरीष म्हणून लिहिलेले रेन ट्री

रस्ता रुंदीकरणाची मोजणी आमच्या फाट्यापर्यंत आलीय. कडेच्या झाडांची यादी होतेय आणि त्यात सरसकट "शिरीष" लिहिलं जातंय. त्यातले बरेच शिरीष नाहीतच. ते रेन ट्री, मूळ मध्य-दक्षिण अमेरिकेचे. इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकात सावलीसाठी इकडे आणलेले.

रेन ट्री उंचीपेक्षा रुंदीला जास्त, उघडलेल्या छत्रीसारखा. साल काळपट, खोल भेगांची. ढगाळ हवेत नि तिन्हीसांजेला पानं मिटतात. शेंग जाड, काळी, आत चिकट गोड गर. गुरं आवडीनं खातात. आपल्या शिरीषाची शेंग चपटी, फिकट पिवळी, कागदासारखी. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झडली की वाऱ्यावर खुळखुळ वाजते, झाड कानानंच ओळखू येतं.

गुलमोहर मादागास्करचा. वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1820 च्या दशकात तो तिथं पाहिला, आणि 1840 च्या सुमारास मुंबईत शिवडीला आल्याचं सांगतात. साल करडी, बरीचशी गुळगुळीत. जुन्या झाडाच्या बुंध्याशी मुळांचे पंखे फुटलेले. फांद्यांना हातभर लांब काळ्या शेंगा. साताऱ्यात 1 मेला त्याचा दिवस साजरा करतात, करावाच, फूल आहेच तसं. पण मुळं वरवरची, लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात आधी तोच आडवा होतो.

निलगिरी आंधळासुद्धा ओळखेल: सरळसोट खोड, सालीच्या पट्ट्या सुटलेल्या, खाली हाताला गार नि गुळगुळीत. ती ऑस्ट्रेलियाची. सुबाभूळ मेक्सिकोकडची, उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या बाएफनं चाऱ्यासाठी तिचा प्रसार केला. 1972 च्या दुष्काळानंतर झटपट वाढणाऱ्या झाडांची ओढ लागली, 1982 ला सामाजिक वनीकरण खातं झालं, आणि या दोघी गावोगाव पोचल्या. सुबाभळीचा पाला गुरांना बेतानंच घाला, त्यात मिमोसिन असतं.

आता गंमत बघा. चिंचसुद्धा मुळात आफ्रिकेची. फार जुन्या काळी आली, मुरली, आणि 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आंबा-जांभळाच्या शेजारी जाऊन बसली. म्हणजे परदेशी म्हटलं की तोडा, असंही नाही.

तर पंचनाम्यावर सही करण्याआधी प्रत्येक झाडाखाली जा, पडलेली शेंग उचला, यादीतल्या नावाशी ताडून बघा. चुकीचं असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. आणि बदल्यात लावायची रोपं कोणती, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. आम्ही वड, जांभूळ आणि खरा शिरीष मागितलाय.