पाळणे, परवाने आणि संघटना

मनोरंजन उद्यानांच्या व्यापारी संघटनेचा इतिहास साकोलीत सांगायचा, म्हणजे जरा आगळंच वाटेल. इथून असं उद्यान बघायचं तर शाळेची सहल नागपूरला न्यावी लागते. पण पाळणा आपल्याला नवा नाही. दिवाळी सरली, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार किंवा नाटक आणि दिवसा धान कापलेल्या बांधीत उभा केलेला पाळणा. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेत तर त्याहून मोठे. म्हणजे धंदा एकच, पण माणसं दोन तऱ्हेची. एक जमीन घेऊन बसलेला, दुसरा ट्रकवर पाळणा लादून फिरणारा. आजचं सगळं बोलणं या फरकावर आहे.

संघटना आधी कोणी बांधली? फिरत्यांनी. इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाने गाडीघरात राहणाऱ्यांची नोंदणी आणि तपासणी करणारं विधेयक पुढे रेटलं. जत्रांत खेळ घेऊन हिंडणारी कुटुंबं खवळली. १८८९ मध्ये त्यांनी आपली संघटना काढली. तीच पुढे ‘शोमेन्स गिल्ड’ म्हणून ओळखली जाऊ लागली. विधेयक काही मंजूर झालं नाही, संघटना मात्र आजही आहे. अमेरिकेत पार्कमालक एकत्र आले ते १९१८ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्या सरकारने युद्धासाठी करमणुकीच्या तिकिटावर कर बसवला होता. ती संघटना १९३४ मध्ये जलतरण तलाव आणि किनारेवाल्यांच्या संघटनेत मिसळली आणि १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय झाली. तारखा विसरल्या तरी चालेल, कारणं लक्षात ठेवा : नोंदणी, तपासणी, कर.

आपल्याकडे क्रम उलटा दिसतो. १९८४ मध्ये दिल्लीत अप्पूघर उघडलं. १९८२ च्या एशियाडच्या हत्तीवरून ते नाव. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं, १९९१ मध्ये कोलकात्याला निक्को पार्क. आणि १९९९ मध्ये या मंडळींनी मुंबईत ‘इंडियन असोसिएशन ऑफ अम्युझमेंट पार्क्स अँड इंडस्ट्रीज’ स्थापन केली. नाव लांबलचक आहे, सगळे ‘आयएएपीआय’ म्हणतात. उद्यानं चालवणारे तिच्यात आहेत, तशी यंत्रं बनवणारेही. तेव्हा करमणूक कर राज्याराज्यांत वेगळा होता. आपल्याकडचा कायदा तर १९२३ चा, मुंबई इलाख्यातला, नाटक-सिनेमाच्या काळातला. त्यात रोलर कोस्टर कुठे बसवणार? सुरक्षेचंही तेच. राइडसाठी भारतीय मानक, आयएस १५४७५, आलं ते २००४ मध्ये.

संघटनेची ताकद दिसली जीएसटीच्या वेळी. जुलै २०१७ मध्ये उद्यानांच्या तिकिटाला २८ टक्के लागले, म्हणजे चैनीच्या वस्तूंचा टप्पा. गंमत बघा, नाटक आणि सर्कशीचं २५० रुपयांपर्यंतचं तिकीट माफ! झाडीपट्टीच्या नाटकवाल्याला दिल्लीत भांडायला जायची गरजच पडली नाही, आणि लहान पोराचा गोल फिरणारा घोडा मात्र चैन ठरला. आयएएपीआयने पाठपुरावा केला. जानेवारी २०१८ मध्ये दर १८ टक्क्यांवर आला. पार्कमालक एकेकटे गेले असते तर हे इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही.

मंडईतल्या पाळणेवाल्याला या करकपातीचं फारसं सोयरसुतक नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी जीएसटीची नोंदणीच लागत नाही. त्याला अडचण येते ती सुरक्षेच्या नियमांची. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादला कांकरियाची राइड तुटली, दोघं गेले. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागली, पंचवीसहून जास्त माणसं जळाली. त्यानंतर गुजरातने नियम कडक केले, आणि ते करायलाच हवे होते. पण राजकोटच्या जन्माष्टमी मेळ्यात राइडवाल्यांनी हरकत घेतली. राइडखाली काँक्रीटचा पाया हवा, ही अट त्यांना परवडेना. चार-पाच दिवसांच्या मेळ्यासाठी पाया भरायचा कसा?

आता ही अट आपल्या बांधीत आणून बघा. मंडई एक-दोन दिवसांची, जमीन कोणाच्या तरी शेताची, पुढच्या पावसात तिथेच रोवणी. तिथे काँक्रीट होणार नाही. पण खांबाखालच्या लाकडी ओंडक्याची, पिनांची, वेल्डिंगची तपासणी होऊ शकते, आणि ती पोरं बसण्याआधी व्हायला हवी. नियमाचा मसुदा होतो तेव्हा उद्यानवाल्यांचा माणूस बोलवता येतो, कारण त्यांचं कार्यालय आहे, लेटरहेड आहे. ट्रकवर संसार घेऊन फिरणाऱ्याला नोटीस पाठवायची तरी कुठल्या पत्त्यावर? मग होतं काय, की नियम एक तर त्याला लागूच होत नाही, नाहीतर लागला की त्याचा धंदाच बंद होतो. दोन्हीत बोल्ट कोणी तपासत नाही. पुढच्या मंडईला ग्रामपंचायत परवानगी देईल, तेव्हा अर्जात पाळणा तपासणाऱ्याच्या सहीची जागा आहे का, एवढं तुमच्यापैकी सरपंच असतील त्यांनी बघावं.

आता प्रश्न घेऊ या.