गोटुल आणि आपल्या जिन्यातली पोरं

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. बोअरवेल, लिफ्ट, पार्किंग यांचा इतिहास या अंकात येईलच. मला लिहायचंय ते पोरापोरींच्या बसण्याच्या जागेबद्दल. तेरा ते एकोणीस वयाची आपली मुलं संध्याकाळी जिन्यात दिसतात, नाहीतर गेटबाहेरच्या पानठेल्यावर. मग आपण म्हणतो, "संगतीनं पोट्टे बिघडले!"

आपल्याच मुलुखात या वयाच्या मुलांसाठी गावानं घर बांधायची रीत आहे. ते घर म्हणजे गोटुल. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलवर व्हेरियर एल्विन यांनी १९४७ साली मोठा ग्रंथ लिहिला, त्यामुळे जगाला तेच ठाऊक झालं. तिथं मुलं-मुली दोघंही राहत. डोंगराळ भागातल्या माडियांची चाल निराळी. मुलगे गोटुलात झोपत. मुली नाचगाण्यापुरत्या येत आणि रात्री घरी परतत. बाहेरच्यांनी या प्रथेबद्दल नाही नाही ते चघळलं. मुरियांच्या गोटुलात मात्र थोरली मुलं धाकट्यांना झाडलोट, सरपण, गाणी, नाच शिकवत. कामचुकारपणा केला तर मुलांचेच पुढारी दंड करत. संगतीचा परिणाम होतो हे त्या समाजाला पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्यानं संगतीला हक्काचं छप्पर दिलं.

हे छप्पर गावाला किती मोलाचं वाटतं, ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं दाखवलं. तिथल्या गोंडांनी मागं पडलेलं गोटुल पुन्हा उभारलं. सागवान वापरलं म्हणून वन खात्यानं ते पाडलं. त्यावर आसपासची गावं एकत्र आली आणि कितीतरी गावांनी आपापली गोटुलं बांधली. याच मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

संगत घडवतेही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं-मुली एव्हरेस्टवर पोचली. कित्येक महिने त्यांनी बरोबरीनं सराव केला होता. एकाला पाहून दुसऱ्याची हिंमत वाढते, ती अशी.

आता मुद्द्याचं. हॉलशेजारची तळमजल्यावरची खोली गोदामासाठी भाड्यानं द्यायचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत आहे. देखभाल खर्च वाढलाय, भाडं हवं आहे, हे सगळं खरं. तरी माझं म्हणणं असं की ती खोली वर्षभर मुलांना देऊन पाहावी. एक कॅरम, चार खुर्च्या, पुस्तकांचं कपाट पुरे. किल्ली एका थोरल्या मुलाकडे आणि एका मुलीकडे असावी. नियम त्यांनीच करावेत, झाडलोट त्यांनीच करावी, आणि महिन्यातून एकदा कमिटीला हिशेब द्यावा. आपण मोठ्यांनी दार उघडं आहे एवढंच बघायचं.

मुलं मित्र करणारच, आपण जागा देवो वा न देवो. जागा मात्र आपल्या हातात आहे. ठरावावर हात वर करण्याआधी, मंडळी, एवढा विचार जरूर करा.