‘ईजिप्त’च्या खलाशांवरचा ठपका

लंडनहून मुंबईला निघालेली पी. अँड ओ. कंपनीची ‘ईजिप्त’ ही आगबोट २० मे १९२२ रोजी संध्याकाळी फ्रान्सच्या किनाऱ्यापुढे दाट धुक्यात ‘सेन’ या मालवाहू बोटीच्या धडकेने बुडाली. बर्फ फोडण्यासाठी मजबूत केलेली ‘सेन’ची नाळ थेट ‘ईजिप्त’च्या कुशीत घुसली आणि अवघ्या वीस मिनिटांत सारे संपले. ३३८ जणांपैकी ८६ गेले. लगेच आरोप झाला तो हिंदी खलाशांवर: भेदरून त्यांनी होड्या बळकावल्या म्हणे. प्रवासी ४४ आणि त्यांतले १५ बुडाले, तर बोटीवरच्या २९४ कर्मचाऱ्यांपैकी ७१. म्हणजे प्रमाण प्रवाशांचेच जास्त, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण त्यावरून भित्रेपणा सिद्ध होत नाही. कललेल्या बोटीवरून, धुक्यात, होडी खाली सोडणे हे सरावाचे काम. ज्यांना आपली होडी कोणती हे नीट शिकवलेलेच नाही, ते समोर दिसेल तिच्याकडे धावणारच. चौकशीतही ठपका आला तो वरच्यांवर, कप्तानाचा परवाना सहा महिने निलंबित झाला. तरीही पुढे गाजले ते बोटीतले सोने. १९३२ पासून इटलीच्या ‘आर्तिल्यो-२’ या बोटीने ते शंभराहून अधिक मीटर खोलीवरून काढले, त्यावर पुस्तके निघाली. त्या ७१ जणांत गोवा, कोकण, गुजरातच्या किनाऱ्यांवरून पोटासाठी गेलेली माणसे होती; त्यांच्या माथ्यावरचा डाग पुसायला मात्र कुणी पाणबुड्या उतरला नाही, हा अन्यायच आहे.